ब्याण्णव नंबरचं काय झालं?

४ मार्च

आत्या,

आधी नमस्कार, मग तक्रार. गेल्या पत्राला तू सहा ओळींचं उत्तर धाडलंस आणि त्यातल्या चार ओळी गुडघ्यांना दिल्यास. सूतगिरणीच्या खडखडाटाने तुझे कान नेले, फोनवर माझा आवाज म्हणजे तुला नुसती खरखर, म्हणून तर आपण दोघी कागदावर बोलतो. तिथेही तू हात आखडता घेतलास तर मी कुठे जायचं?

बरं, तू विचारलंस, "त्या थंडगार खोलीत तू दिवसभर करतेस तरी काय?" तर ऐक.

एका मोठ्या हॉस्पिटलचे वीस वर्षांचे एक्स-रे आमच्याकडे डिस्कवर साठवलेले आहेत. तिथे पडद्यावर पेशंटचं नाव टाकलं की फोटो आमच्या कपाटातून डॉक्टरपुढे गेला पाहिजे. डिस्क म्हणजे एक पेटी. तिच्यात बशीएवढ्या गुळगुळीत चकत्या भिरभिर फिरत असतात. चकतीवर गोल वाटा आखलेल्या, प्रत्येकीला नंबर. वरून एक बारीक दांडा आत-बाहेर सरकतो, त्याच्या टोकाला वाचणारं हेड. वाचायला वेळ लागत नाही गं, लागतो तो सरकायला. आणि मागण्या तर एकावर एक येऊन पडत असतात. मग आधी कोणाकडे जायचं? माझी नोकरी म्हणजे हा एवढाच प्रश्न.

समज, हेड आहे ५१ नंबरच्या वाटेवर. मागण्या आल्या ९२, ३५, ५५, ४०, ४५, याच क्रमाने. आला तसा घ्यायचा म्हटलं तर हेडला १३८ वाटा पळावं लागतं. नुसती तंगडतोड. त्यापेक्षा दरवेळी सगळ्यात जवळचा आधी घेतला, ५५, मग ४५, ४०, ३५ आणि शेवटी ९२, तर ८१ मध्ये काम फत्ते. तिसरी रीत फेरीची: एका टोकाकडे निघायचं, वाटेतलं घेत जायचं, मग उलट फिरायचं. तिला ९८ लागतात. मी या सगळ्या रीती खऱ्या मागण्यांवर चालवून कोणती सरस ते ठरवते आहे.

आमच्या विभागाच्या साहेबांना सगळे पाठीमागे 'सरासरी साहेब' म्हणतात, कारण कशाचीही सरासरी काढल्याशिवाय त्यांना चहासुद्धा गोड लागत नाही. पण माणूस काय हुशार आहे! फळ्यावर उभे राहिले की डोकं चालताना दिसतं. त्यांनी हे काम माझ्यासारख्या तीन महिने जुन्या, कच्च्या नोकरीवरच्या पोरीकडे दिलं, आणि अहवालावर माझी सही त्यांच्या सहीशेजारी असेल म्हणाले. अहवाल मंजूर झाला की मी कायम.

आता कामाचं. लहानपणी बाबा सांगायचे की गिरणीत सूत सांधण्याचा विक्रम तुझ्या नावावर होता. तुटलेली सुतं ठिकठिकाणी आणि तू एकटी, म्हणजे तू माझं हेडच की! तू कोणाकडे आधी जायचीस?

तुझी टकळी


१३ मार्च

टकळे,

तुझं पत्र तीनदा वाचलं. पहिल्यांदा काही कळलं नाही, दुसऱ्यांदा वाटलं कळलं, तिसऱ्यांदा शेजारणीला समजावून सांगितलं आणि तेव्हा खरंच कळलं. तिला अजून कळलेलं नाही. ती म्हणाली, "एवढं सगळं एका पोरीच्या डोक्यात मावतं?" मी म्हटलं, आमच्या घरातली आहे. छाती अशी फुगली की ब्लाउजचं बटण सांभाळावं लागलं. बशीएवढ्या चकतीत आजारी माणसांची हाडं, आणि ती शोधून देणारी माझी भाची!

आता विक्रम. यंत्राच्या एका बाजूला सूत गुंडाळणाऱ्या चारशे चात्या, प्रत्येक चातीवर एक सूत, आणि प्रत्येक बाईकडे अशा चार बाजू. सूत कुठेही, केव्हाही तुटतं. तुटलं की चाती थांबवायची, बॉबिनवरचं टोक शोधायचं, वरून येणाऱ्या कापसाच्या वातीला नेमकं टेकवायचं. सांधा पडेपर्यंत वरचा कापूस वाया जात राहतो. सांधा पडला की पुढे. हवेत कापूस एवढा की दुपारपर्यंत सगळ्या जणी पांढऱ्या केसांच्या म्हाताऱ्या. आवाजामुळे बोलणं ओठांवरून.

एकदा वरच्या लोकांनी घड्याळवाला आणला. कोण तासाला किती सांधे करते ते मोजायला. बिचारा हातात पाटी आणि गळ्यात घड्याळ घेऊन उभा. मी त्या वेळी गिरणीत जेमतेम वर्षाची. पण पाय म्हणजे हरणाचे! तुटलेलं दिसलं की जवळचं आधी, लगेच त्याच्या जवळचं, लगेच त्याच्या जवळचं. डोळे मिटेपर्यंत तीन सांधे. तासाला दोनशे चौदा! मुकादमाने तोंडात बोटं घातली. बरं, घाईत सूत वाया गेलं म्हणशील, तर संध्याकाळी माझं टाकाऊ सूत सगळ्यांत कमी भरलं. माझ्या शेजारच्या बाजू एक बाई बघायची. तिला आम्ही 'गोगलगाय' म्हणायचो. ती आपली ठरलेल्या चालीने फेरी मारत राहायची, कोणी आग लागली म्हटलं तरी पाऊल वाढवणार नाही. तिचे भरले एकशे एकतीस.

तेव्हा तुझ्या साहेबांना सांग, जवळचं आधी. आत्याने करून दाखवलंय. हातच्या काकणाला आरसा कशाला?

गुडघ्यांविषयी एक अक्षर लिहिलेलं नाही, हे लक्षात आलं ना?

आत्या


२१ मार्च

आत्या, आत्या, आत्या!

तुझं पत्र मी साहेबांना वाचून दाखवलं. ते खुर्चीतून उठलेच. म्हणाले, "आपण महिनाभर मशीनवर जे चालवतोय ते या बाईंनी पायांनी सिद्ध करून ठेवलंय!" आणि काय केलं असेल? अहवालाच्या पहिल्या पानावर तुझा विक्रम घातला. तुझं नाव नाही, पण 'एका सूतगिरणीतील कुशल कामगार स्त्री' म्हणून, दोनशे चौदा या आकड्यासकट. माझ्या आत्याने अहवालाची सुरुवात होते आहे! मी ते पान चार वेळा काढून बघितलं.

आणि आकडेही तुझ्याच बाजूने उभे आहेत. हॉस्पिटलमध्ये जानेवारीपासून 'जवळचं आधी' ही रीत चाचणी म्हणून खरोखरच चालू आहे. पूर्वी, आला तसा घ्यायचो तेव्हा, एका फोटोला सरासरी दोन सेकंद लागायचे. आता अर्ध्या सेकंदाच्याही आत. फेरीच्या रीतीने हिशोब केला तर अर्ध्या सेकंदाच्या थोडं वर जातं. म्हणजे गोगलगाय इथेही मागेच!

पंधरा एप्रिलला सह्या. त्यानंतर हॉस्पिटलच्या सगळ्या शाखांत हीच रीत बसवतील आणि पुढची कित्येक वर्षं ती कोणी हलवणार नाही. विचार कर, माझी सही असलेली गोष्ट! मला तर झोपेतसुद्धा हेड सरकताना दिसतं.

तुझी टकळी


५ एप्रिल

टकळे,

उत्तराला उशीर झाला. तब्येत बरी आहे.

एक विचारायचं होतं. तुझ्या पहिल्या पत्रातलं उदाहरण मी पुन्हा काढलं. त्यात ब्याण्णव नंबर सगळ्यांत आधी आला होता ना? आणि 'जवळचं आधी' केलं तर तो सगळ्यांत शेवटी गेला. बरं, तू पाचच मागण्या धरल्यास. पण तो वाट बघत असताना आणखी पन्नाशी-चाळिशीतले येत राहिले तर? ते तर जवळचेच. मग ब्याण्णव नंबरचं काय झालं?

दुसरं असं की माझा तो प्रसंग अहवालातून काढून टाक. जुन्या गोष्टी. छापण्याएवढं त्यात काही नाही.

आत्या


८ एप्रिल

आत्या,

तुझा विनय तुझ्यापाशीच ठेव! आयुष्यभर राबलीस, एकदा कुठे नाव निघतंय तर लाजतेस. साहेबांना मी विचारलं, ते पान काढू का म्हणून. ते म्हणाले, "तेच तर अहवालातलं सगळ्यात जिवंत पान आहे." तेव्हा काढणार नाही. रागावलीस तरी चालेल, पण पत्र पाठव.

तुझा प्रश्न मात्र असा आहे की तू इथे यायला हवी होतीस. पुस्तकात याला उपासमार म्हणतात: टोकाची मागणी तशीच उपाशी राहते. मी ती तपासलीही. आमच्या नोंदींत सगळ्यांत जास्त थांबलेला फोटोसुद्धा एकोणतीस सेकंदांत मिळालेला आहे, आणि असे अगदी हाताच्या बोटांवर मोजण्याइतके. जुन्या पेशंटचे फोटो चकतीच्या टोकाला असतात, त्यांना कधीकधी थोडं थांबावं लागतं, एवढंच. आणि हॉस्पिटलमधून एकाही माणसाची तक्रार नाही. ब्याण्णव नंबर सुखरूप आहे!

पंधरा तारखेला सही करताना तुझी आठवण काढीन.

तुझी टकळी


११ एप्रिल

टकळे,

शेजारीण उद्या लेकीकडे तुझ्याच शहरात येते आहे, तिच्या हाती हे देते, म्हणजे पंधराच्या आत पोचेल. बसून वाच. मी विनय बिनय काही केलेला नाही. विनय माझ्या अंगाला कधी लागलाच नाही.

तुला जे सांगितलं ते खोटं नव्हतं, अर्धं होतं. त्या दिवशी मी जवळचं, जवळचं करत पहिल्या शंभर-दीडशे चात्यांतच घुटमळत राहिले. तिथेच सूत तुटत होतं, तिथेच घड्याळवाला उभा होता. टोकाच्या चात्यांकडे मी तासभर फिरकले नाही. एकदा मान वर करून बघितलं तेव्हा तिकडे तुटलेली सुतं लोंबताना दिसली. मी मान खाली घातली. तिकडे जायचं म्हणजे जाण्यायेण्यात चार सांधे बुडाले असते.

संध्याकाळी धाकधूक होती की टोकाला कापसाचा ढीग साचलेला असणार आणि माझं पितळ उघडं पडणार. जाऊन बघते तर सगळ्या चात्या व्यवस्थित, सूत सांधलेलं. मी म्हटलं, नशीब. आणि नशिबाला कोणी प्रश्न विचारत नाही.

नंतरचं तुला लिहिलं नव्हतं. माझा आकडा सगळ्यांना लावला. सगळ्यांनी माझ्यासारखं पळायचं. ज्या तिघींचे सांधे सगळ्यांत कमी भरले त्यांना चात्यांवरून काढून टाकाऊ सुताच्या खोलीत पाठवलं. तिथे खिडकी नाही, नुसती धूळ. गोगलगाय त्यात पहिली. अकरा वर्षं तिने तिथे काढली. आणि बाकीच्या जणी माझ्यासारख्या पळायला लागल्या तशी टोकाची सुतं तुटलेलीच राहायला लागली, टाकाऊ सुताचे ढीग वाढले. मुकादम डोकं खाजवत राहिला. चार महिन्यांनी ती रीत गुपचूप बंद झाली, पण गोगलगायीला कोणी परत आणलं नाही. मीही तोंड उघडलं नाही. कळत होतं गं सगळं, वळत नव्हतं.

तुझं 'ब्याण्णव नंबर सुखरूप आहे' वाचलं आणि मला बसवेना. एकाही माणसाची तक्रार नाही, असं तू लिहिलंस. माझ्या टोकाच्या चात्यांचीही कोणाची तक्रार नव्हती. काल उठले, बस धरली आणि तिच्या घरी गेले. इतक्या वर्षांत पहिल्यांदा.

ती दारातच कपडे वाळत घालत होती. दोरीच्या एका टोकाकडून सुरू, दुसऱ्या टोकाला संपवणार. मला बघून थांबली नाही, ओळ पुरी केली आणि मग आली. कानांनी दोघीही ठार बहिऱ्या. गिरणीतल्यासारख्या समोरासमोर बसलो आणि ओठांवरून बोललो.

"गुडघे?" तिने विचारलं.

"गेले."

"माझे आहेत," ती म्हणाली. अशी हसली की मला तिथेच रडू यायला लागलं.

मी विचारलं, "घड्याळवाला आला त्या दिवशी माझ्या टोकाची सुतं कोणी सांधली?"

"मी."

"कशाला?"

"वाटेत होती," ती म्हणाली. "माझी फेरी तुझ्या टोकावरूनच वळायची ना. तुटलेलं दिसल्यावर तसंच टाकून पुढे कशी जाऊ?"

"किती असतील?"

"तुझ्या टोकाला मोजायला माझ्यामागे कोण होतं? सत्तर-ऐंशी असतील."

"अगं, मग घड्याळवाल्याला सांगायचं नाहीस? तुला त्या धुळीत टाकलं!"

"सांगितलं असतं तर तुला काढलं असतं. तू नवीन. भाऊ शाळेत होता तुझा. तू घरी बसली असतीस तर तोही घरी बसला असता."

टकळे, तो भाऊ म्हणजे तुझा बाप.

मी तिचे हात धरले आणि जे इतकी वर्षं बोलायचं होतं ते बोलले. तिने ऐकून घेतलं, मग म्हणाली, "तू फार पळायचीस. मला सारखी भीती वाटायची, पडशील." एवढंच. मला तिने एका शब्दाने टोचलं नाही. टोचलं असतं तर बरं वाटलं असतं.

मग मी तिला तुझ्या चकत्यांचं सांगितलं. तिला शेजारणीपेक्षा लवकर कळलं. ती काय म्हणाली तेही लिहिते, तुला उपयोग होईल. टोकाला पोचल्यावर तिथूनच उलट फिरायचं नाही म्हणे. नुकतंच बघितलेलं पुन्हा बघत यावं लागतं, आणि पहिल्या टोकाचं सगळ्यांत जास्त ताटकळतं. त्यापेक्षा सरळ सुरुवातीला यायचं आणि पुन्हा त्याच दिशेने निघायचं. ती तशीच चालायची. मी तिच्या शेजारी राहून ते कधी बघितलं नव्हतं.

माझं पान फाड किंवा खरं ते लिही. माझी लाज वाटली तर वाटू दे, मला चालेल. पण सही करायच्या आधी एक कर. तुझ्या ब्याण्णव नंबरचं कोण बघतंय ते शोध. आपोआप काही नीट होत नसतं. कोणीतरी असणार.

आत्या


२६ एप्रिल

आत्या,

तुझं पत्र मी उभ्यानेच वाचलं आणि मग बसले. बाबांना फोन केला, त्यांना यातलं काही माहीत नव्हतं. ते म्हणाले, "त्या बाईंचा पत्ता दे."

तेरा तारखेला सकाळी मी हॉस्पिटलमध्ये गेले. तिथे पहिल्यांदाच गेले हे सांगायला लाज वाटते. चार महिने मी त्यांचे आकडे बघत होते, माणूस एक बघितलं नव्हतं. एक्स-रे विभागात एक चष्मेवाल्या बाई आहेत. डॉक्टरांच्या मागण्या त्या मशीनवर टाकतात. मी त्यांच्या मागे स्टूल घेऊन बसले. दहा वाजले, गर्दी वाढली. पडद्यावर फोटो भराभर येत होते, मनात म्हटलं, बघ किती छान चाललंय. तेवढ्यात एका म्हातारबुवांचा बारा वर्षांपूर्वीचा फोटो मागितला. तो येईना. तीस सेकंद झाले आणि पडद्यावर आलं, 'मिळाला नाही'. बाईंनी एका चिठोऱ्यावर त्यांचा नंबर लिहिला आणि चिठोरं टेबलाच्या काचेखाली सरकवलं. काचेखाली तशी सतरा चिठोरी होती.

"याचं काय करता?" मी विचारलं.

"दुपारी गर्दी ओसरली की पुन्हा मागते. तेव्हा येतात. मग छापून वर नेऊन देते डॉक्टरांना, दोन मजले."

"दुपारी म्हणजे जेवणाच्या सुट्टीत?"

"नाहीतर केव्हा? नव्या वर्षापासून जुने फोटो रुसलेत बघा."

"मग तक्रार का नाही केलीत?"

त्यांनी चष्मा काढून पुसला. "मला वाटलं, माझंच काहीतरी चुकतंय. नवीन मशीन, आपल्याला काय कळतं? म्हटलं, बोभाटा झाला तर मलाच काढतील."

आत्या, मला त्या खोलीत तुझी गोगलगाय दिसली. आणि त्याच क्षणी माझी चूकही. माझा प्रोग्रॅम किती वेळ लागला हे फोटो मिळाल्यावर लिहितो. जो मिळालाच नाही त्याचं काही लिहीतच नाही! तीस सेकंद झाले की मागणी गळून जाते आणि माझ्या मोजणीतूनही गळते. म्हणून तर माझा सगळ्यात जास्त थांबलेला फोटो एकोणतीस सेकंदांचा होता. आणि तोच आकडा मी मोठ्या तोऱ्यात तुला पुरावा म्हणून दाखवला. ही चूक साहेबांची नाही, हॉस्पिटलची नाही, माझी. दिव्याखाली अंधार तो हाच.

परत येऊन हॉस्पिटलच्या मशीनवरच्या नोंदींतून गळलेल्या मागण्या शोधून काढल्या. सकाळच्या गर्दीत हजारात सत्तर! सगळे जुने पेशंट, सगळे टोकाचे.

चौदा तारखेला सकाळीच साहेबांच्या खोलीत गेले. सह्यांना एक दिवस उरलेला, माझी नोकरी कच्ची, आणि मी सांगायला चालले होते की चार महिन्यांची मोजणी चुकली. तुझं पत्र त्यांच्यापुढे ठेवलं. म्हटलं, आधी हे वाचा, मग मला बोला. त्यांनी वाचलं. मग माझा कागद बघितला. मग पुन्हा तुझं पत्र घेतलं आणि 'वाटेत होती' या ओळीवर बोट ठेवलं.

"इतकी वर्षं मी सरासरी काढतोय," ते म्हणाले. "जे मोजणीतच आले नाहीत त्यांना कधी विचारलं नाही."

मला वाटलं आता ओरडतील. त्यांनी कोट चढवला. म्हणाले, "चल, त्या बाईंना भेटू." आणि एवढा मोठा माणूस, आत्या, त्या स्टुलावर सकाळभर बसला! बाईंना म्हणाला, "तुमचं काही चुकलेलं नव्हतं. आमचं चुकलं." बाई आधी गोंधळल्या, मग त्यांचे डोळे भरून आले. मी साहेबांना पहिल्यापासून मानत होते, पण ते हुशारीसाठी. हे वेगळंच होतं.

अहवाल मागे घेतला. दहा दिवस पुन्हा सगळं मोजलं, गळलेले धरून. 'जवळचं आधी' तोंडावर आपटलं. उलटसुलट फेरीने एकही मागणी गळली नाही, पण टोकाच्यांना सात-सात सेकंद थांबावं लागलं. मग गोगलगायीची एकमार्गी फेरी लावली. सरासरी पाऊण सेकंद, म्हणजे पूर्वीच्या फुशारकीपेक्षा हळूच. पण सगळ्यात जास्त थांबलेला फोटो चार सेकंदांत आला. चार! साहेबांनी आकडा तीनदा तपासला आणि म्हणाले, "चालायचं कसं हे त्या बाईंना ठाऊक होतं, आणि आपण त्यांना हळू म्हटलं."

परवा सह्या झाल्या. एकमार्गी फेरी सगळ्या शाखांत बसेल. मी अजून कायम झालेले नाही. साहेबांनी शिफारस केली, पण वरच्यांनी माझी मुदत सहा महिन्यांनी वाढवली, चार महिन्यांची मोजणी चुकल्याबद्दल. वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू? पण अन्याय झाला असं नाही वाटलं.

पहिलं पान काढलं नाही. सोबत पाठवते. तू म्हणालीस तसं खरं ते लिहिलं आहे. ते गिरणीतल्या त्या बाईंना दाखव. तुझी लाज वाटते का, असं तू आडून विचारलंस. नाही वाटत. इतक्या वर्षांनी, ते गुडघे घेऊन, बस धरून गेलीस तू. मला उद्या एवढं जमेल का, याचा विचार करते आहे.

तुझी टकळी


४ मे

टकळे,

पान मिळालं. ते घेऊन गोगलगायीकडे गेले. तुझ्या बापाचं पत्र माझ्याआधी तिच्याकडे पोचलं होतं. त्यात काय आहे ते तिने दाखवलं नाही आणि मी विचारलं नाही, पण ते उशाखाली होतं.

सहा महिन्यांचं वाचून मला तुझ्या वरच्या लोकांचा राग आला. मग शांत झाले. तू स्वतःहून जाऊन सांगितलंस, तेही सह्यांच्या आदल्या दिवशी. मला जे एका तासात सुचलं नाही आणि पुढे वर्षानुवर्षं जमलं नाही, ते तू तीन दिवसांत केलंस. शेजारणीला सांगितलं. ती म्हणाली, "पण कायम नाही ना झाली?" तिला जाऊ दे.

गोगलगायीने पान हातात घेतलं. ती स्वतः वाचते, बोट ठेवून, एकेक ओळ, घाई नाही. मी समोर बसले होते. तुझं वाक्य आलं: 'एका सूतगिरणीत एका तासात दोनशे चौदा सांध्यांचा विक्रम एका कामगार स्त्रीच्या नावावर लिहिला गेला, तो दोघींचा होता, आणि त्या दिवशी सर्वांत चांगलं काम जिने केलं तिला सर्वांत हळू ठरवण्यात आलं.' तिथे तिचं बोट थांबलं. ती पुन्हा ओळीच्या सुरुवातीला गेली आणि पुन्हा वाचली. मला वाटलं, आता रडेल, किंवा काहीतरी म्हणेल. एवढी वर्षं त्या धुळीत काढलेली बाई, तिच्याविषयी छापील कागदावर आलं होतं. मी हातरुमाल काढून तयार ठेवला होता, तो मलाच लागला.

मग मी तिला तुझ्या पत्रातलं बाकीचं सांगितलं. ती हजारात सत्तरची गोष्ट, साहेब स्टुलावर बसल्याची, चार सेकंदांची, तिच्या फेरीची. तिने ऐकलं, पानाची घडी केली, आणि माझ्या तोंडाकडे बघत एकच विचारलं:

"त्या चष्मेवाल्या बाईंना आता दुपारी जेवायला मिळतं का?"

मी 'हो' म्हणून टाकणार होते. पण तिच्यापुढे आता अर्धं सांगवत नाही. तेव्हा जाऊन बघ आणि मला कळव.

आत्या